अंडी अकरा निघाली, भ्रूण दोनच कसे?

निम्म्या पत्रांची सुरुवात ‘डॉक्टर मॅडम’ अशी असते, म्हणून आधी सांगून टाकते : मी डॉक्टर नाही. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या (आयव्हीएफच्या) लॅबमध्ये भ्रूण वाढवणारी. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत गुटगुटीत बाळांचे फलक लागलेल्या बऱ्याच इमारती आहेत. त्यांतल्याच एका इमारतीत, ऑपरेशन थिएटरच्या भिंतीला लागून असलेल्या लॅबमध्ये माझा दिवस जातो. पेशंटशी माझी गाठ पडते ती टेबलावर झोपवल्यानंतर, तेही नाव विचारण्यापुरती. फाइलवर नाव असतं, हातातल्या पट्टीवर असतं, तरी तुमच्याच तोंडून तुमचं आणि नवऱ्याचं नाव वदवून घेते आणि शेजारची बाई ते डिशवरच्या नावाशी ताडून पाहते. त्याचा राग मानू नका. तेवढं झालं की मी आत, दार बंद. तर त्या दाराआड काय चालतं ते मला विचारा. औषधांचे डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचे.

प्रश्न : माझं वय ३४. पिकअपला (सुईने अंडी काढताना) अकरा अंडी निघाली म्हणून घरात सगळे खूश होते. सहाव्या दिवशी फोन आला की दोनच भ्रूण फ्रीज झाले. नणंद म्हणते, बाकीचे कुणाला तरी दिले असतील. तेव्हापासून झोप नाही. (भंडारा)

ताई, तुमचे आकडे मी तीनदा वाचले. ते अगदी नेहमीसारखे आहेत. कुणीतरी हे तुम्हाला पिकअपच्या आधीच सांगायला हवं होतं.

पिकअपला सुईतून येतो तो फॉलिकलमधला, म्हणजे अंडाशयातल्या अंड्याच्या पिशवीतला पिवळसर, कधी रक्त मिसळलेला द्रव. नळीत तो गरम ब्लॉकवर ठेवून माझ्याकडे येतो. तो डिशमध्ये ओतून मी अंडं शोधते. अंडं म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, पण ते एकटं येत नाही. भिजवलेल्या सब्जाच्या दाण्याभोवती जसा पारदर्शक, बुळबुळीत थर असतो तसा पेशींचा पुंजका त्याच्याभोवती असतो. डोळ्याला दिसतो तो हा पुंजका. तुम्हाला टेबलावर सांगितलेला ‘अकरा’ हा आकडा म्हणजे असे अकरा पुंजके. त्यांतली पक्की किती, हे त्या क्षणी मलाही माहीत नसतं.

दोनेक तासांनी, इक्सी (एकेका अंड्यात सुईने शुक्राणू सोडणं) करायची असेल तर, भोवतालच्या पेशी काढून टाकतो तेव्हा खरं अंडं दिसतं. त्याच्या कडेला एक इवलासा गोळा बाहेर टाकलेला असेल तर ते पक्कं. नसेल तर कच्चं, त्यात शुक्राणू सोडून उपयोग नसतो. अकरातली आठ-नऊ पक्की निघाली तर छान म्हणायचं. शुक्राणू सोडल्यानंतर सोळा ते अठरा तासांनी पुन्हा पाहायचं. तेव्हा आत दोन केंद्रकं शेजारी शेजारी दिसायला हवीत, एक आईकडचं आणि एक वडिलांकडचं. ही वेळ गाठावीच लागते, कारण पुढे ती दोन्ही विरघळून जातात आणि मग पाहिलेलं काही कामाचं नसतं. एखाद्यात तीन दिसतात, ते बाजूला काढावं लागतं. साधारण सत्तर टक्के फळतात. म्हणजे सहा.

तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक सगळे गुणाने वाढतात, सहा-आठ पेशींचे होतात, आणि फोनवर ‘सहा आहेत’ ऐकून घरचे निश्चिंत होतात. खरी परीक्षा पुढेच असते. पहिले दोन-तीन दिवस भ्रूण अंड्यातल्या शिदोरीवर जगतो, त्याची स्वतःची जनुकं जवळपास झोपलेली असतात. चार ते आठ पेशींच्या सुमाराला ती जागी होतात आणि कारभार हातात घेतात. अंड्यात किंवा शुक्राणूत गुणसूत्रांचा काही घोळ असेल तर पुष्कळदा तो इथून पुढे उघडा पडतो. फळलेल्यांपैकी पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत, ब्लास्टोसिस्ट या अवस्थेपर्यंत, निम्मे किंवा त्याहून कमीच पोचतात. सहातले दोन-तीन. तुमचे दोन.

घरात, कुठल्याही उपचाराविना दिवस राहतात तिथेही अशीच गळती होत असते. फक्त ती कुणी मोजत नाही.

नणंदेच्या संशयाला मी हसणार नाही. या धंद्यात गैरप्रकार झालेच नाहीत असं म्हणायला मी बसलेली नाही, आणि कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांवरचा २०२१ चा एआरटी कायदा उगाच आला नाही. लेखी संमतीशिवाय तुमचं अंडं किंवा भ्रूण कुणालाही देता येत नाही. अंडं दान करणारी बाई २३ ते ३५ वयाची असावी लागते, नोंदणी झालेल्या बँकेमार्फतच यावी लागते आणि तिला आयुष्यात एकदाच दान करता येतं. पण संशय मनात घोळवत बसण्यापेक्षा सेंटरकडे पाच आकडे लेखी मागा : अंडी किती निघाली, पक्की किती होती, दोन केंद्रकं किती जणांत दिसली, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी किती उरले. आमच्या वहीत हे रोजच्या रोज, वेळेसह लिहिलेलं असतं. जे सेंटर ते दाखवायला का-कू करेल त्याला पुढचा प्रश्न विचारा.

आणखी एक. अंड्याचा दर्जा लॅब वाढवू शकत नाही. आम्ही एक तर ते बिघडवू शकतो किंवा न बिघडवता ठेवू शकतो. आमची सगळी कसरत ते न बिघडवण्यासाठी. इनक्युबेटर ३७ अंशांवर, आत ऑक्सिजन बाहेरच्या हवेत असतो त्याच्या पाव, पाच टक्के. भ्रूण पोषक द्रवाच्या थेंबात, थेंबावर तेलाचं पांघरूण. पिकअपच्या दिवशी सेंट, वासाचं तेल, गजरा, नेलपेंट यांना मनाई असते तीही याचसाठी. उडून हवेत मिसळणारी रसायनं भ्रूणाला सोसत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या मजल्यावर ऑइलपेंटचा डबा उघडला तरी माझा जीव खालीवर होतो.

प्रश्न : ट्रिगरचं इंजेक्शन रात्री साडेदहालाच का? आमच्या गावात त्या वेळी सुई टोचायला कुणी नसतं. (वर्धा जिल्हा)

ट्रिगर म्हणजे अंडी पक्की करणारं शेवटचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात. त्याआधी ती कच्ची असतात आणि फार उशीर केला तर फॉलिकल आपोआप फुटून ती निघून जातात. सकाळच्या पिकअपवरून उलटं मोजलं की रात्रच येते. पोटात घ्यायची सुई घरच्या कुणालाही शिकता येते, नर्सकडून आधीच शिकून घ्या. उशीर झालाच तर खरी वेळ सांगा. ‘वेळेवरच घेतलं’ असं भीतीपोटी सांगितलं तर पिकअपची वेळ पुढे सरकवता येत नाही, आणि सगळा महिना पाण्यात जातो.

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीत भट्टीवर कामाला आहे. रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल फॉर्म ५ टक्के’ आलं. म्हणजे ९५ टक्के खराब. बायकोला अजून सांगितलं नाही. खर्रा सोडून दहा दिवस झाले, आता परत तपासू का? (नागपूर)

भाऊ, आजच घरी जाऊन रिपोर्ट बायकोला दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषात चार टक्के ही खालची मर्यादा आहे. तुमचे पाच आहेत. ज्यांच्या घरी विनासायास पोरं झाली अशा पुरुषांचेही नव्वदहून जास्त टक्के शुक्राणू वाकड्या डोक्याचे, जाड मानेचे निघतात. माणसाचा मालच तसा आहे, त्याला इलाज नाही. त्या रिपोर्टमध्ये आधी संख्या पाहा (मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख ही खालची रेघ) आणि मग हालचाल (४२ टक्के).

खर्रा सोडला हे उत्तम. तंबाखू शुक्राणूंना बाधते, आणि आपल्याकडे पन्नीत घोटलेला खर्रा दिवसाला किती जातो ते मी सांगायला नको. पण दहा दिवसांत तपासून काही कळणार नाही. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यानंतर वाटचालीचे काही. आज तपासाल तो माल अडीच-तीन महिन्यांपूर्वीचा, खर्ऱ्याच्या दिवसांतला. डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेल्यावरही हाच हिशेब. तीन महिन्यांनी तपासा.

भट्टीचं मात्र मनावर घ्या. अंडकोष शरीराबाहेर लोंबतात ते दोन-चार अंश गार राहण्यासाठी. रोज तासन्‌तास ऊन आणि आच बसत असेल तर संख्या घटू शकते. पाळी बदलून मिळत असेल तर या काळात मागून घ्या. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल तर त्याच्याही कानावर घाला : वरून हार्मोन आलं की शरीर आतलं उत्पादन थांबवतं आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. पोरं ‘ताकदीसाठी’ घेतात आणि मग आमच्याकडे येतात.

आणि हो, नमुना घरून आणणार असाल तर स्कूटरच्या डिक्कीत ठेवून आणू नका. मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर उभी असलेली डिक्की म्हणजे भट्टीच, तिथं शुक्राणू लॅबला पोचण्याआधीच मरतात. शर्टाच्या आतल्या खिशात, तासाच्या आत. शक्य असेल तर नमुना सेंटरलाच द्या.

प्रश्न : आधीची आयव्हीएफची सायकल फेल गेली. आता इक्सी, स्क्रॅचिंग असं वेगवेगळं सांगून वेगळे पैसे मागताहेत. करावं का? (अमरावती)

स्क्रॅचिंग म्हणजे ट्रान्सफरच्या (भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या) आधी गर्भाशयाचं अस्तर थोडं खरवडणं. एके काळी त्याची फार हवा होती. २०१९ मध्ये १,३६४ बायकांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या, दोन्ही गटांत मूल होण्याचं प्रमाण सारखंच, २६ टक्क्यांच्या आसपास. दुखलं तेवढं जास्त. मी तरी पैसे देणार नाही.

इक्सीचं वेगळं आहे. शुक्राणू फारच कमी किंवा कमजोर असतील तर तिला तोड नाही. १९९२ मध्ये ब्रसेल्समधून तिची पहिली बाळंतपणं जाहीर झाली, त्याआधी अशा जोडप्यांना दात्याशिवाय वाटच नव्हती. पण नवऱ्याचा रिपोर्ट चांगला असताना? व्हिएतनाममध्ये अशाच १,०६४ जोडप्यांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये आला. साध्या पद्धतीने अंडी आणि शुक्राणू एकत्र ठेवले काय आणि इक्सी केली काय, मूल होण्यात ठळक फरक नाही. इक्सी हे माझ्या हातचं काम, सुईच्या टोकावर शुक्राणूची शेपटी दाबून त्याला निपचित करण्यातली गंमत मला अजून वाटते. तरीही सांगते, कारण विचारा. ‘सगळ्यांनाच करतो’ हे कारण नव्हे.

प्रश्न : ट्रान्सफरनंतर सासूबाई पलंगावरून उतरू देत नाहीत. हॉस्पिटलपासून इतवारीपर्यंत ई-रिक्षात सतरा स्पीडब्रेकर लागले, त्याने भ्रूण खाली पडला असेल का? (नागपूर)

नाही पडला. गर्भाशय फुगलेली रिकामी पिशवी नाही. त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि मध्ये ओलसर, चिकट थर. त्यात काही मायक्रोलिटर द्रवासह भ्रूण सोडतात, म्हणजे एका थेंबाहूनही कमी. नळी बाहेर आली की ती लगेच माझ्याकडे येते आणि भ्रूण तिला चिकटून परत आला नाही ना, हे मी मायक्रोस्कोपखाली पाहते. ‘क्लिअर’ म्हणून मी ओरडते ते त्यासाठी. एकदा तो आत राहिला की उठणं, चालणं, संडासला जाणं, शिंकणं याने तो हलत नाही.

पडून राहिल्याने यश वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. काहींत तर पडून राहिलेल्यांचा निकाल थोडा उणाच आला. सासूबाईंना सांगा, मन लावून करायचं काम एकच आहे, प्रोजेस्टेरॉनची औषधं वेळेवर देणं. आणि बीटाच्या (गरोदरपणाच्या रक्ततपासणीच्या) तारखेआधी घरी पट्टी तपासू नका. काही औषधांत एचसीजी हे गरोदरपणाचं हार्मोन असतं, त्याने खोटी रेघ उमटते आणि पेढे वाटून मोकळे होता.

प्रश्न : आम्ही दोघंही सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे ‘एएस’ (नुसते वाहक) आहोत. मोठा मुलगा ‘एसएस’ (आजार असलेला) निघाला, त्याचं दुखणं पाहवत नाही. दिवस राहायला काही अडचण नाही. मग आयव्हीएफचा आम्हाला काही उपयोग आहे का? (गडचिरोली जिल्हा)

आहे. हा प्रश्न विदर्भातून जास्त यायला हवा, पण फार कमी येतो. टेस्ट ट्यूब बेबी फक्त वांझपणासाठी, असं डोक्यात बसलेलं आहे.

दोघं एएस असाल तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता एसएसची. प्रत्येक वेळी, म्हणजे एक मूल एसएस झालं म्हणून पुढची तिन्ही सुटली असं नाही. आयव्हीएफ करून भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत वाढवले की त्याच्या दोन भागांतल्या बाहेरच्या भागातून, ज्याची पुढे वार होते, लेझरच्या साहाय्याने पाच-आठ पेशी काढतात. ज्या पुंजक्यापासून बाळ घडतं त्याला हात लावत नाहीत. पेशी जनुकीय तपासणीला जातात, भ्रूण रिपोर्ट येईपर्यंत गोठवून ठेवतात. मग एए (दोष नसलेला) किंवा एएस असलेला भ्रूण सोडायचा. एएस टाकून द्यायचं कारण नाही, तुम्ही दोघं एएसच आहात आणि शेतात राबता आहात. भ्रूणाच्या अशा तपासणीनंतरचं पहिलं बाळंतपण १९९० मध्ये लंडनमध्ये झालं, म्हणजे ही काही नवी टूम नाही. आनुवंशिक आजार टाळण्यासाठी आपला कायदाही तिला परवानगी देतो.

आता खर्चाची बाजू. आयव्हीएफचा खर्च, त्यावर तपासणीचा वेगळा, शिवाय तुमच्या कुटुंबाचं रक्त घेऊन आधी तयारी करावी लागते. इतकं करून एकही सोडण्याजोगा भ्रूण न निघणं शक्य असतं. भंडाऱ्याच्या ताईंचं गणित वर वाचा, त्यातून आणखी चारात एक वजा करा. दुसरी वाट स्वस्त आहे. नैसर्गिकपणे दिवस राहू द्यायचे आणि अकराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा बारीक तुकडा तपासायचा. बाळ एसएस असेल तर पुढचा निर्णय मात्र जिवाला लागणारा असतो. कुठली वाट धरायची ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, पण दिवस राहण्याआधी ‘मेडिकल’मध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजात) किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन समुपदेशन घ्या. भ्रूणाची तपासणी केली तरी गरोदरपणात खात्रीसाठी ही वारेची तपासणी करायला सांगतात, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : भ्रूण तपासताच आहात तर मुलगा आहे की मुलगी तेही कळत असेलच. दोन मुली आहेत. (नाव-गाव नाही)

लिंगनिवड गुन्हा आहे. २००३ च्या दुरुस्तीपासून गर्भधारणेआधीची निवडही त्यात येते. पुढच्या वेळी गावाचं नाव लिहायची हिंमत होत नसेल तर प्रश्नही पाठवू नका.

प्रश्न : आमचे तीन भ्रूण फ्रीज केलेले आहेत. उन्हाळ्यात मानेवाड्याला आमच्याकडे तासन्‌तास लाइट जाते. सेंटरची लाइट गेली तर? आणि शिळे होतात का? (नागपूर)

इनक्युबेटरला वीज लागते, म्हणून त्याला यूपीएस आणि जनरेटर असतो. गोठवलेल्या भ्रूणांच्या टाकीला वीजच लागत नाही! ती म्हणजे थर्मासची मोठी बहीण, आत उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. तो हळूहळू उडत राहतो, म्हणून पातळी मोजून वेळच्या वेळी भर घालावी लागते. तुम्ही विचारायचं ते लाइटचं नाही, पातळीची वही कोण ठेवतं आणि अलार्म आहे का, हे.

शिळं होण्याचं म्हणाल तर त्या थंडीत पेशींमधला सगळा कारभार थांबतो. १९९२ मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या भ्रूणांपासून २०२२ च्या ऑक्टोबरात जुळी जन्मली. भारतात मात्र कायद्याने दहा वर्षांचीच मुदत आहे. दरवर्षीचं भाडं भरायला विसरू नका आणि पत्ता बदलला तर कळवा. फोन न लागणारी जोडपी ही आमची कायमची डोकेदुखी.

यावरून एक आठवण करून देते. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जन्मली. तिच्यानंतर ७० दिवसांनी, तीन ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या हातून दुर्गा जन्मली, आणि त्यांच्या नोंदींप्रमाणे तीही गोठवलेल्या भ्रूणापासून. इंग्लंडमध्ये अंडं नैसर्गिक सायकलमधलं एकच घेतलं होतं. मुखर्जींनी औषधं देऊन अनेक वाढवली, योनीमार्गे काढली, भ्रूण गोठवून पुढच्या सायकलमध्ये सोडला. आज आम्ही रोज करतो त्याच्याशी हे जास्त जुळतं. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, त्यांची बदली डोळ्यांच्या विभागात केली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली आणि देशातली पहिली म्हणून नोंदली गेली. त्याच कामात त्यांच्याबरोबर असलेले डॉ. आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये मुखर्जींचे जुने कागद वाचले आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे असं स्वतःहून जाहीर केलं. आपल्या नावावरचा मान असा सोडून देणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

प्रश्न : ट्रान्सफरला चौदाच दिवस झाले आणि रिपोर्टवर जवळजवळ पाच आठवड्यांची गर्भवती लिहिलं आहे. घरात कुजबुज सुरू झाली. (गोंदिया)

कुजबुज करणाऱ्यांना हे वाचून दाखवा. गरोदरपण सगळीकडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसताना फुकटात मिळतात. भ्रूण पाच दिवस आमच्याकडे वाढला, तेही धरायचे. म्हणून पाचव्या दिवसाचा भ्रूण सोडला त्या तारखेतून १९ दिवस वजा करायचे, ती तुमची हिशेबाची ‘पाळी’. १० जूनला ट्रान्सफर झाला असेल तर २२ मे. २४ जूनला बीटा केली तर चार आठवडे पाच दिवस, आणि बाळंतपणाची तारीख २६ फेब्रुवारी. तुमची खरी पाळी कधी आली होती हे इथे धरायचं नसतं, विशेषतः फ्रोझन ट्रान्सफरला, कारण अस्तर तयार व्हायला कधी जास्त दिवस लागतात. सोनोग्राफीला गेलात की पाळीची तारीख न सांगता ट्रान्सफरची तारीख आणि भ्रूण किती दिवसांचा होता ते सांगा.